तेलाचे हात

समोरच्या मावशी कुणाच्याही घरात शिरताना आधी काम पुढे करतात, चप्पल मागून काढतात. या हिवाळ्यात त्या रोज दुपारी गराडूचे कंद घेऊन माझ्याकडे यायच्या. "चल, जरा मदद कर न," म्हणत थैली माझ्यापुढे ओतायच्या.

माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा देवासहून इंदूरला तपासायला गेला होता. मी दिवसभर मोबाइलवर कॅन्सरची लक्षणं वाचत बसायची. जे वाचलं ते लगेच अंगात जाणवायचं. मावशींनी कधी काही विचारलं नाही. गराडू सोलताना हात खाजतात, म्हणून त्या माझ्या तळव्यांवर तेल ओतायच्या, चांगलं भरपूर. मग फोनला हात लावायची सोयच उरायची नाही.

असेच सोलत असताना डॉक्टरांचा फोन आला. मावशींनी आपले हात पदराला पुसले, फोन माझ्या कानाशी धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"साधी गाठ आहे," मी त्यांना सांगितलं.

"बरं झालं," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "आता हे गराडू कुणाला तरी देऊन टाक. आमच्याकडे कोणी खात नाही."