धुतलेला शब्द

तेलगाव सोडलं तेव्हा गया एसटीत खिडकीशी बसली होती आणि मांडीवर काळा माठ होता. गया म्हणजे माझी बायको. मागच्या पौषात गेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टपावर ठेवा की." ती म्हणाली, "फुटला तर तू देतो का?" निरोपाला एकटा माझा मेहुणा आला होता, तोही लिंबाच्या आड उभा. उघड्यावर यायची त्याची टाप नव्हती.

कारण गावानं आम्हाला वाळीत टाकलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, माझं फाट्यावर चहाचं हॉटेल. एकदा पारावर बोलता बोलता मी म्हणालो, साखर कारखान्याचा चेअरमन खोटं बोलतो, आपल्या माणसांचा ऊस आधी नेतो. एवढंच. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं आमचं दळण न दळताच परत केलं. हॉटेलात कुणी फिरकेना. हापशावर बायकांनी गयाला घागर लावू दिली नाही. ती रडली नाही. "कुणाचंबी पाणी तोडू न्हाई," इतकंच म्हणाली.

मला वाटलं, शिकलेल्या माणसांत जावं. तिथं बोललेलं चालत असेल. हा माझा अडाणीपणा. शिकलेली माणसं मी तोवर लांबूनच पाहिली होती.

शहरात विद्यापीठाच्या गेटासमोर पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि मेस घातली. नवा जमाना आला होता. एसटीडीचं पिवळं डबडं, केबलची वायर, पानटपरीवर थंड पेयाची बाटली धरलेला हिरो. गयानं सगळ्यात आधी काय केलं, तर दाराबाहेर तिवईवर माठ ठेवला. कुणीबी प्यावं. जेवायला आमच्याकडं असो नसो.

पोरांच्या दोन संघटना होत्या. दोघांचे झेंडे वेगळे, घोषणा वेगळ्या, आणि सकाळ-संध्याकाळ भांडण. भिंतीवर विचारस्वातंत्र्य असा शब्द रंगवायचे, एवढा मोठा की माझ्यासारख्यालाही वाचता यावा. एका संघटनेचा म्होरक्या प्रताप. माजलगावच्या बागायतदाराचा पोरगा, इस्त्रीचा पांढरा झब्बा, बोलायला लागला की माणसानं चपात्या करायचं थांबावं. मीही थांबायचो. मला तो लई मोठा वाटायचा.

त्याच्याच संघटनेत शंकर होता, घाटनांदूरच्या किराणावाल्याचा. गळ्यात लिंग, तोंडात तिखट जीभ. एकदा आमच्याच मेसमध्ये त्यांची बैठक होती. त्यात तो उठून प्रतापला म्हणाला, "परवा ज्या मंत्र्याच्या नावानं गाढव मिरवलं, काल त्याच्याच बंगल्यावर जेवून आलास. कावून बे?"

मी हसलो. मग पाहिलं तर हसणारा मी एकटाच.

दुसऱ्या दिवसापासून शंकर गद्दार. रूममधलं त्याचं सामान व्हरांड्यात आलं. कालपर्यंत त्याच्या ताटातली चटणी उचलणारे बाक सोडून उठू लागले. गंमत म्हणजे दुसऱ्या संघटनेनंही त्याला जवळ केलं नाही. जो आपल्याच म्होरक्याला विचारतो, तो उद्या आपल्यालाही विचारील, ही अक्कल दोन्हीकडं सारखी होती. आमच्याकडं एक प्राध्यापक जेवायचे, समाजाचं शास्त्र शिकवायचे. त्यांना म्हटलं, "सर, दोन शब्द बोला." त्यांनी भाकरीकडं बघत सांगितलं, "काका, परिस्थिती संवेदनशील आहे." म्हणजे काय, ते अजून मला कळलेलं नाही. भ्याला, एवढं कळलं.

मग प्रताप आला. "मावशी, शंकरला ताट वाढायचं नाही."

"का रे बाबा?"

"त्याच्यावर आम्ही वैचारिक बहिष्कार टाकलाय."

गयानं पिठाचे हात झटकले. "आमच्यात ह्याला वाळीत टाकणं म्हंत्यात. तुमी शब्द तेवढा धुऊन आणलाव."

प्रतापचा चेहरा उतरला. जाताना त्यानं माठाला लाथ घातली. तेलगावच्या कुंभाराचा माठ, इतक्या लांब मांडीवर आणलेला. पाणी पार रस्त्यापर्यंत गेलं. कुणी एक शब्द काढला नाही, आणि भिंतीवर तो रंगवलेला शब्द तसाच.

शंकर आठवडाभर आमच्याकडं जेवला. बाकी सगळी मेस ओस. मग एका सकाळी गयाच्या पाया पडला. "माझ्यापायी तुमचं कशाला वाटोळं?" म्हणाला. गया म्हणाली, "बस खाली, भाकर निवती." तो बसला नाही. शिक्षण अर्धं टाकून पुण्याला कुठल्याशा गोडाऊनला लागला. गया चार-सहा महिने त्याचं ताट मांडायची आणि उचलायची. माठ फुटला त्याच दिवशी तिनं बाजारातून दुसरा आणला होता, तिवई तीच.

आता गया नाही. दहाव्याला दारात पांढरी जीप थांबली. प्रताप उतरला, आणि मागून दुसऱ्या संघटनेचा म्होरक्या. दोघं आता एकाच पक्षात, एकाच गाडीत. प्रतापनं माठातलं पाणी घेतलं, पिऊन म्हणाला, "मावशीच्या माठाचं पाणी म्हणजे अमृत."

"हा दुसरा हाय," मी म्हणालो. "पयला तू फोडलास."

तो हसला. "काका, तेव्हा वय होतं."

"शंकरचंबी तेच वय होतं बे."

त्यानं पेला माठावर उपडा ठेवला आणि जीपकडं वळला. भाषण असतं तर थांबला असता.

मेहुणा फोन करतो. "दाजी, एकटं कावून राहता? गावाकडं या." तेलगावकरांनो, कशाला येऊ? लिंबाच्या आड उभं राहायला? आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेले, तुम्हीही ऐका. तुम्ही गेलात तिथंही एक चेअरमन असेल, फक्त त्याला इंग्रजी येत असेल.

माझं घर म्हणाल तर ही तिवई. रोज सकाळी माठ खळबळून भरतो. गुडघे बोलतात, पण भरतो. तुम्ही या. ज्यांनी दळण परत केलं तेही या, हापशावरच्या बायाही या, प्रताप तर येतोच. पाणी सगळ्यांना मिळेल, तो गयाचा नेम आहे. पण गयासारखं 'बस खाली' कुणाला म्हणणार नाही. तो नेम माझा.