गिरणीची हाक

मोखाड्याजवळच्या त्या गिरणीवाल्याचं नाव माझ्या तपासणीच्या कागदावर होतं, पण आठवतात त्या त्याच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या पापण्या. कमी वीज खाणाऱ्या मोटरींवर तेव्हा सूट मिळत होती. वीज खरंच वाचते का, हे बघत मी गिरण्या आणि दुकानं पालथी घालत होतो. अट एकच होती: जुनी मोटर बंद हवी, नाहीतर सूट परत.

त्याच्याकडे वीज म्हणावी तशी वाचत नव्हती. कोपऱ्यात जुनी मोटर अजून जोडलेली होती.

“ही कशाला ठेवलीत?” मी जरा चिडूनच विचारलं.

दुपारी लाईट आली, तेव्हा त्याने नव्या मोटरवर हात ठेवला, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि बटण मात्र जुनीचं दाबलं. ती रिकामीच घरघरू लागली. तो दारात जाऊन उभा राहिला. समोरचा डोंगर श्रावणातल्या धुक्यात बुडाला होता.

“नवी आवाजच नाय करत, साहेब. लाईट आली हे पाड्यावर कसं कळंल?”

बऱ्याच वेळाने डोक्यावर नागलीची गाठोडी घेतलेल्या बाया धुक्यातून उतरताना दिसल्या, त्या आवाजाचं बोट धरून आल्यासारख्या. पहिली दारात पोचताच त्याने जुनी बंद केली, नवी सुरू केली.

“सूट न्या परत,” तो म्हणाला, “हिला नका नेऊ.”

मी कागदावर लिहिलं, ‘जुन्या मोटरवर दळण होत नाही.’

त्यात खोटं काहीच नव्हतं.