हात सैल सोड

शेवटचं म्हणजे तिनं माझ्या हातात बांगडी भरली. दुपारचा चहा झाला होता. बाजेवर शेजारी बसली, माझा हात मांडीवर घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघितलं आणि म्हणाली, "दादा, दोन-दहाचं माप लागंल. लाजताय काय?" मी तिचा नवरा. तिच्या लेखी कुणीतरी गिऱ्हाईक. हिरवी बांगडी तिनं न तडकवता चढवली. मी काढली नाही.

उंब्रजच्या बाजारात बाया तिला चाची म्हणायच्या. माल मी आणायचो, बांगड्या ती भरायची. माप कधी विचारलं नाही. हाडं चाचपली की झालं. नव्या नवरीनं मूठ आवळली की म्हणायची, "हात सैल सोड गं. काच फुटली तर माझी, हाड मोडलं तर तुझ्या सासूचं!" पोरगी हसेपर्यंत बांगडी मनगटात. मी मध्ये बोललो तर गिऱ्हाइकासमोरच, "ह्यांचं ऐकू नगा, ह्यांना फकस्त टोपली उचलता येती."

मग नावं गेली. आधी पोरींची, मग माझं. सांगलीच्या डॉक्टरनं अल्झायमर म्हणून सांगितलं. पाठही वाकली होती, पण त्याला आम्ही वय म्हणालो. डोक्याचा आणि हाडांचा काय संबंध?

बांगडी भरली त्याच संध्याकाळी ती बाजेवरून उठली. कट्ट वाजलं, काच तडकावी तसं. आणि मग ती पडली. पडली म्हणून मोडलं नाही. आधी मोडलं, मग पडली. मी समोर होतो. अजून ते डोळ्यांपुढून हलत नाही.

कराडच्या हाडांच्या डॉक्टरनं खुब्याचा फोटो उजेडात धरला. म्हणाले, "चाचा, विसरण्याचा आजार आणि हाडांची झीज पुष्कळदा जोडीनं दिसतात. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हाड बांधायला सांगणारे काही निरोप मेंदूलाही लागतात, पेशींची जोडणी टिकवायला. ते मंदावले की दोन्हीकडं पडझड होत असावी. सगळं अजून उलगडलेलं नाही."

"म्हंजे दोन चोर न्हवतं? एकच हुता?"

"तसंच काहीसं."

"आन् आमी वरची खोली राखत बसलो!"

ऑपरेशन झालं, पण छातीत कफ धरला. शेवटपर्यंत ती माझा अंगठा चाचपत होती. माप घेता घेता गेली.

मातीला सगळा बाजार लोटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची धाकटी बहीण जैनब चहा घेऊन आली. एक हात कमरेवर, पाठीला बाक. "दुल्हाभाई, साखर घातली का मी?" मी म्हणालो, घातलीस. कप ठेवला आणि पुन्हा, "साखर घातली का मी?"

दुखवट्याला येणाऱ्यांसाठी तीन दिवस दार उघडं ठेवून बसायचं असतं आमच्यात. मी टोपी घातली आणि रिक्षा बोलावली.

"आवं, काल माती झाली, आज कुठं निघालाय?"

"कराडला. तुझी हाडं दाखवायला. मग सांगलीला, डोकं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मोडलं तर तुझं मोडंल, लोकांचं न्हाई."

रिक्षात चढवताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. बाहीखाली बांगडी लागली तशी दचकून माझ्याकडं बघायला लागली.

"तुझ्या बहिणीनं भरलीय," मी म्हणालो. "फुटंल. हात सैल सोड."