डिकीत सापडलेली रबरी नळी

मरोळच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीवर अन्याय झाला. सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता, त्याच्याच गॅरेजच्या दारात, चार गिऱ्हाइकांसमोर. तो पोलिसांनी केला असं मी लिहिणार नाही, कारण 'पोलिसांनी' म्हटलं की कुणी एक माणूस हाताला लागत नाही. तो मी केला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी केव्हाच निवृत्त झालो, पण तो सोमवार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा फौजदार होतो. कॉलेजात असताना पोलिसी दंडेलीविरुद्ध पत्रकं लिहून विलेपार्ले स्टेशनबाहेर वाटणारा मी. नोकरीला तीन वर्षं होत नाहीत तोच, ज्याच्याविरुद्ध लिहायचो तेच स्वतः करायला लागलो होतो. बाकी कुणाची नावं देणार नाही. माझ्या चुकीला मात्र पडदा नाही.

आदल्या शनिवारी दुपारी विक्रोळीजवळ हायवेवर एक फियाट भरधाव येत होती. अचानक बॉनेटमधून धुराचा लोट उठला, चालवणाऱ्याला समोरचं दिसेना, गाडी डावीकडे गेली आणि दुसऱ्या पाळीला निघालेल्या एका सायकलवाल्या कामगाराला तिने उडवलं. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीचा मालक घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, शर्यतींचा शौकीन. त्याला खरचटलंही नव्हतं. मी पोचलो तेव्हा कामगार अजून रस्त्यावरच होता आणि मालकाचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, गाडीला सुपरचार्जर बसवलाय. मरोळच्या मेकॅनिकने. त्यानेच वाट लावली."

मला सुपरचार्जर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण मी मान डोलावली. अधिकाऱ्याला ठाऊक नसलं की तो मान डोलावतो, हे मी बऱ्याच वरिष्ठांतही पुढे पाहिलं.

जखमीला हॉस्पिटलात पाठवून पंचनाम्याला बसलो. दोन पंच हवे होते. एक पानवाला मिळाला, त्याला दुकान सोडून आल्याची घाई. दुसरा जवळच्या कारखान्यातला स्टोअरकीपर. चष्मा, खिशाला दोन पेनं, पन्नाशीचा माणूस. मी बॉनेट उघडलं, 'इंजिनावर ऑइल सांडलेले, धूर येत आहे' असं लिहिलं आणि दोघांपुढे कागद धरला.

पानवाल्याने सही केली. स्टोअरकीपर म्हणाला, "डिकी?"

"डिकीचं काय?"

"पंचनामा गाडीचा आहे ना? मग डिकी गाडीत येत नाही का?"

"अहो, पुढून धूर आलाय. मागे काय बघायचं?"

"ते मला माहीत नाही. माझ्या स्टोअरमधून एक वॉशर बाहेर गेला तरी मी बघून सही करतो. इथे तर माणसाचा पाय मोडलाय."

आमचे हवालदार, बावीस वर्षांची नोकरी झालेले, माझ्या कानाशी कुजबुजले, "साहेब, उघडा. हा माणूस संध्याकाळपर्यंत इथेच उभा राहील."

डिकी उघडली. जॅक, स्टेपनी, पाण्याचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी रबरी नळी. मी 'किरकोळ सामान' लिहिलं. स्टोअरकीपरने ते मला खोडायला लावलं. नळी स्वतः वितीने मोजली. "लिहा. रबरी नळी एक, लांबी दीड वीत, दोन्ही टोकांना पिवळ्या रंगाची रेघ. कागदावरची तारीखपण लिहा." मी दात-ओठ खात लिहिलं. मुद्देमाल क्रमांक सात. मनात म्हणत होतो, काय खत्रुड माणूस आहे यार.

मालकाने जबाबात सांगितलं की गाडी त्याने गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर मरोळहून हार घालून आणली आणि त्यानंतर तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

रविवारी पोलीस ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नाही. "तो मेकॅनिक उद्या गावाला पळतोय. एस.टी.चं तिकीट काढलंय." मी चौकशी केली, तिकीट खरंच निघालं होतं. ते महिनाभरापूर्वी काढलंय, गावच्या देवीच्या वार्षिकासाठी, हे विचारायची तसदी मी घेतली नाही. खबर खरी निघाली म्हणजे माणूस गुन्हेगार, इतकं सोपं गणित!

सोमवारी पावणेअकराला मी त्याच्या गॅरेजवर गेलो. चाळिशीचा, मालवणकडचा, हात ग्रीसने काळे. वडील गिरणीत होते, हा मोटारीकडे वळला. "साहेब, काय झालं?" एवढंच त्याने विचारलं. मी सर्वांसमोर दोन थोबाडीत दिल्या आणि जीपमध्ये बसवला. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या गाड्या ओढून नेल्या.

कलम जामीनपात्र होतं. मी जामीनदार आणा म्हटलं, आणि जो आला त्याला 'रेशनकार्डावर पत्ता गावचा आहे' म्हणून परत पाठवलं. कायदा वाकवायला फार जोर लागत नाही. मंगळवारी साडेदहाला त्याला कोर्टात उभं करायचं होतं. एकदा त्याच्या नावावर 'निष्काळजीपणाने सुपरचार्जर बसवून माणूस जखमी' असं चढलं असतं तर कुणी त्याच्याकडे स्कूटरसुद्धा टाकली नसती.

बारा वाजता त्याची बायको डबा घेऊन आली. मी टेबलावर होतो. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माझ्या घोवान काय गुनो केल्यान, सांगा माका."

"बाई, बाहेर बसा."

"बसतंय. पन आयकून घ्या. ह्यो मानूस घरचो नळ दुरुस्त करूक बसलो तरी तीनदा तपासता. एक नट ढिलो सोडूचो नाय."

"सगळ्यांच्या बायका असंच सांगतात."

"मग सगळ्यांचा आयका," ती म्हणाली. हवालदारांनी मान खाली घालून हसू लपवलं.

दुपारी चौकशीला घेतलं. आवारात उभ्या गाडीकडे नेलं आणि दरडावलं, "दाखव, काय बसवलंस." तो बॉनेटमध्ये वाकला आणि गुन्हा, मार, कोठडी सगळं विसरून शिकवायलाच लागला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंजिनात जादा हवा कोंबतो, जादा पेट्रोल जळतं, गाडी जोर धरते. हा पंप इतका जोरात फिरतो की त्याच्या बेअरिंगला सतत ऑइल पाहिजे. इंजिनातलंच ऑइल एका बारीक नळीतून दाबाने त्याच्याकडे येतं, आणि दुसऱ्या जाड नळीतून खाली चेंबरमध्ये परत जातं. चेंबर म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा.

"मालक म्हणत होता, चेंबर न उतरवता भोक पाड, लवकर होईल. मी म्हटलं, नाय जमणार. लोखंडाचा कीस ऑइलमध्ये पडला तर इंजिनाची माती. चेंबर उतरवला, ऑइलच्या पातळीच्या वर भोक पाडलं, आटे पाडले, धुतला, मग चढवला. एक दिवस जादा गेला. इंजिन चालू करायच्या आधी पंपात हाताने ऑइल सोडलं, हाताने फिरवून बघितला..." बोलता बोलता तो थांबला. बोट एका नळीवर ठेवून म्हणाला, "साहेब, ही माझी नळी नाय."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, ही बघा. पंपातून निघते, या लोखंडी पट्टीवरून, हीपण माझी नाय, उडी मारते आणि मग खाली जाते. परतीच्या नळीत दाब नसतो. तेल नुसतं वजनाने उतरतं. वर चढायला लावलं तर ते जाणार कुठे?"

मला कळलं नाही हे त्याला कळलं. "नरसाळं आहे का ठाण्यात?"

हवालदारांनी रॉकेलचं नरसाळं आणि मोरीच्या नळाची रबरी नळी आणली. मिस्त्रीने नळी नरसाळ्याला लावून सरळ खाली सोडली आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बादलीत गेलं. मग त्याने नळीला नरसाळ्याहून उंच वळसा दिला आणि पुन्हा ओतलं. पाणी तुंबलं, नरसाळ्याच्या काठावरून सांडलं आणि थेट माझ्या केसपेपरवर.

"साहेब," हवालदार म्हणाले, "केसच बुडाली."

मी हसलो नाही. पण पहिल्यांदा मला ऐकू येऊ लागलं. ऑइल तुंबलं, पंपाच्या सीलमधून फुटलं, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं, धूर झाला. इथपर्यंत ठीक. पण नळी कुणी बदलली? आरोपी बोलतो म्हणून मानायचं?

"तुझी नळी कशी होती?" मी विचारलं.

"सरळ. इंचाचा वाक नाय. दीड वीतभर. दोन्ही टोकांना पिवळी रेघ मारतो मी, नळीवर अर्धी, लोखंडावर अर्धी. नळी सरकली तर रेघ तुटलेली दिसते. हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओला पंचनामा उलगडला. मुद्देमाल क्रमांक सात. दीड वीत. पिवळी रेघ. माझंच अक्षर.

मुद्देमालाच्या खोलीतून नळी आणली. आतून तेलकट, पण रबर नवंच होतं. ज्या वर्तमानपत्रात ती गुंडाळली होती त्यावर रामनवमीची तारीख. पाडव्यानंतर आठ दिवस! म्हणजे मालक म्हणत होता त्या 'कुणीही हात लावला नाही' दिवसांत कुणीतरी ही नळी काढली होती, आणि काढलेलं सामान मालकाला परत म्हणून डिकीत ठेवलं होतं. आपल्याकडे प्रत्येक गॅरेजची ही रीतच आहे. गिऱ्हाइकाला दाखवायचं, बघा, तुमचं काही आम्ही ठेवून घेतलं नाही. चोरी केली नाही हे सिद्ध करणाऱ्या त्या रीतीनेच दुसऱ्या गॅरेजचं काम उघडं पाडलं.

मंगळवारी सकाळी आठला मालकाला बोलावला. मी नळी टेबलावर ठेवली, कागद शेजारी ठेवला आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसणं हे दरडावण्यापेक्षा जास्त काम करतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"ही... ही जुनी असेल," तो म्हणाला.

"नवी आहे."

"मग मेकॅनिकने ठेवली असेल."

"त्याने गाडी पाडव्याला दिली. कागद रामनवमीचा आहे. तुझा जबाब वाचून दाखवू?"

पाच मिनिटांत बांध फुटला. त्याच्या मेहुण्याने मुलुंडला गाड्यांना एअर कंडिशनर बसवायचं नवं दुकान टाकलं होतं. एसी बसवताना त्याची पट्टी नेमकी परतीच्या नळीच्या आड आली, म्हणून सरळ नळी काढून लांब नळी पट्टीवरून फिरवली. मेहुणा म्हणाला होता, "हे एकदा तुझ्या मरोळवाल्याला दाखवून घे." हा गेला नाही. दोन दिवस ऑइलचा वास येत होता, थोडा धूरही. तरी हायवेवर शंभराला नेली. रविवारचा तो निनावी फोनही मेहुण्याचाच; मिस्त्रीने गाडी देतानाच मालकाला गावाला जायचा बेत आणि तारीख सांगितली होती. नवं दुकान वाचवायचं होतं.

दोघांचं सगळं वाचावं आणि मरोळच्या मिस्त्रीचं जावं! कुणी ठरवून क्रूर नव्हतं. फक्त ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्याकडे बोट दाखवणं स्वस्त पडतं, आणि त्या बोटाच्या दिशेने धावायला माझ्यासारखा फौजदार तयार असतो.

साडेदहाला मी मिस्त्रीला कोर्टात नेला, पण कलम १६९ खाली, पुरावा नाही म्हणून सोडण्याच्या अहवालासह. पुढे मालकावर दोषारोपपत्र गेलं, आणि त्या कामगाराला उपचाराचा सगळा खर्च मिळाला. तो वर्षभराने पुन्हा पाळीला जाऊ लागला. मी ठाण्याच्या डायरीत 'अटक घाईने व चुकीने केली' असं स्वतःच्या नावासकट लिहिलं. वरिष्ठ निरीक्षक भडकले. "असं कुणी लिहितं का रे? वेडा आहेस?" शेरा माझ्या सेवापुस्तकात गेला. जाऊ दे.

मरोळला जाऊन, ज्या दारात मारलं त्याच दारात, गिऱ्हाइकांसमोर मी मिस्त्रीची माफी मागितली. त्याने फडक्याने हात पुसले. मग म्हणाला, "साहेब, मी विसरणार नाय. पण तुम्ही आलात. कोण येतो?" त्याने मला माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. पण गाडीपाशी शिव्या न देता त्याने मला शिकवलं, त्याचा मी ऋणी आहे. त्याच्या बायकोचा आहे, हवालदारांचा आहे.

आणि सर्वांत जास्त त्या स्टोअरकीपरचा. त्यांच्या घरी आभार मानायला गेलो तर ते जेवत होते. "कसले आभार?" भात कालवता कालवता म्हणाले. "मी मोजलं. तुम्ही मोजत नव्हता."

पुढची तीस वर्षं मी एकही पंचनामा पंचांना वाचून दाखवल्याशिवाय पुरा केला नाही. पण माझ्या एकट्याने काय होतं? आजही हवालदार 'पंच हवेत' म्हणाला की सोसायटीच्या खिडक्या बंद होतात. जो सापडतो तो न वाचता सही करून पळतो. मग तुम्हीच ओरडता, पोलीस निरपराध्याला अडकवतात म्हणून. अडकवतात. मी अडकवला होता. पण त्या कागदाखाली सही तुमची असते.

म्हणून मागणी तुमच्याकडेच आहे. पुढच्या वेळी पंच म्हणून बोलावलं तर दार लावून घेऊ नका. जा. जिथे अधिकारी बघत नाही तिथे बघा. 'किरकोळ सामान' लिहिलं तर खोडायला लावा. तो चिडेल, चिडू द्या. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, शब्दन् शब्द वाचल्याशिवाय, सही करू नका.