ताराचंदच्या घरचं पाणी

घड्याळातला, रिमोटमधला सेल संपला की तुम्ही तो कुठं फेकता? कचऱ्यातच ना? आमच्या सक्करदऱ्याच्या मागच्या वस्तीत तो ताराचंद बावणेच्या अंगणात येतो.

ताराचंद साठीचा, घड्याळं दुरुस्त करणारा. बायको पंचफुला वारली, मुलगी लग्न होऊन बुटीबोरीला. कपडे रंगवणाऱ्या एका कारखान्याचं पाणी झिरपून वस्तीतली विहीर जांभळी झाली, तेव्हा आम्ही मोर्चे काढले. साहेब लोक आले, फोटो काढून गेले. ताराचंद एकाही मोर्चात नव्हता, माझं डोकं फिरायचं त्याच्यावर. पण कॉलेजात शिकणाऱ्या उन्नती नावाच्या पोरीनं त्याला सांगितलं की सेलमधली काळी भुकटी नीट धुऊन, भाजून घेतली तर ती पाण्यातला रंग धरून ठेवते. त्यानं ड्रममध्ये रेतीचे अन् भुकटीचे थर लावले. वरून जांभळं ओतलं, खालून नितळ आलं.

इथंच गडी चुकला. उन्हाळ्यात आमच्याकडं वाटसरूंसाठी दारापुढं रांजण भरून ठेवतात. त्यानं तो नळाच्या नाही, ड्रमच्या पाण्यानं भरला, तेही पाणी तपासून घ्यायच्या आधी. शेजारच्या शामलाबाईनं पाहिलं अन् रांजण तिथंच आडवा केला. बरं केलं. मीही त्याला चौकात झापलं. नशीब, कोणी प्यायलं नव्हतं. पुढं तपासणीत निघालं की धुण्याला चालेल, पिण्याला नाही. आता सारी वस्ती त्या पाण्यानं गोधड्या धुते. बादल्या त्याच्याच दारातून नेते, पण उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाही, त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावत नाही.

यंदा पंचफुलाच्या श्राद्धाला त्यानं गल्लीला जेवायला बोलावलं. कढी, वडे, भात केला, पत्रावळी मांडल्या. कोणी फिरकलं नाही. शामलाबाई बादली घेऊन आली, तेव्हा त्यानं विचारलं, "माह्यं चुकलं वं. मंग माह्या घरी नळाचं पाणीही बाटलं काय?"

"समजते गा मले," ती म्हणाली, "पण घोट उतरत नाही."

ती बादली भरून घेऊन निघून गेली.

मी एकटा जेवलो. तो वाढतच राहिला, अन् माझ्यानं पुरे म्हणवेना.

त्या दिवसापासून तो कोणाला 'ये, बस' म्हणत नाही. या बाजूला आलात तर त्याच्या ओसरीवर बसा अन् चहा मागा. तो विचारणार नाही. तुम्हीच मागा.