पॅरिसच्या गोष्टीतलं मी काहीच गाळलं नाही

मैत्रिणींनो, आज दुपारचा प्रकार उद्या तुम्हाला भलत्याच्या तोंडून कळेल, म्हणून आधी मीच सांगते.

पॅरिसमध्ये वर्षभर राहून मुंबईला आलेल्या एका अमेरिकन बाईंचं आज गिरगावात व्याख्यान होतं. त्यांचं इंग्रजी मराठीत सांगायला मी शेजारी उभी होते. अध्यक्षस्थानी माझे चुलत सासरे, आबासाहेब.

बाई म्हणाल्या, "आमच्या देशात जेवण झटपट उरकतात. पॅरिसमध्ये नवराबायको रस्त्याकडेच्या टेबलाशी निवांत जेवत, वाद घालत बसतात. बायको चारचौघांत नवऱ्याला खोडून काढते आणि कुणी वळूनही पाहत नाही. मला आधी धक्का बसला, मग हेवा वाटला."

मी बोलणार तोच आबासाहेब हळूच म्हणाले, "सूनबाई, एवढं गाळ. तिथल्या इमारतींचं सांग."

मी सगळं सांगितलं. वर म्हटलं, "हे गाळायला मला आत्ताच सांगण्यात आलं होतं."

पुरुषांत कुजबुज सुरू झाली. बायका बसल्या होत्या तिकडून माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "तिथल्या बायका वाद कशावर घालतात, ते विचार गं."

मी विचारलं, तशा बाई हसल्या. "भाजीच्या चवीपासून राज्यकारभारापर्यंत."

तेही मी मोठ्याने सांगितलं.

संध्याकाळी आबासाहेबांचा निरोप आला की, पुढच्या व्याख्यानाला भाषांतर दुसरे गृहस्थ करतील. मी उलट कळवलं, "मी समोर बसेन. त्यांनी काही गाळलं, तर उठून सांगेन."

सासूबाई येणार आहेत. तुमच्यापैकी कोण येतंय?