डावखुरा खुनी, उजवा हात

खुनी डावखुरा होता. आमच्या पुस्तकात मात्र तो उजव्या हातानं चहात विष टाकत होता.

प्रूफ वाचताना हे दिसलं आणि मी दौंडला आप्पांना फोन लावला. "आप्पा, छपाई थांबवा."

"का वं म्याडम? शुद्धलेखन चुकलं?"

"हात चुकला."

मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात जपानी भाषेची दुभाषी आहे. साहेबांचं सुपरवायझरला सांगायचं, सुपरवायझरचं साहेबांना, आणि दोघांच्या शिव्या मधल्या मध्ये गाळायच्या. सुट्टीच्या दिवशी भाषांतरं करते. आप्पांचा दौंडला छापखाना. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापून कंटाळले, म्हणून त्यांनी एका मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, मराठी हक्क घेतले. काएदे नावाची सहावीतली मुलगी शाळा सुटली की खुनी पकडते, अशी ती मालिका. तिच्या गावात इतके खून होतात, की तिथं माणसं राहतात कशाला, हे मला आजही कळलेलं नाही.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आप्पा म्हणाले, आपली माणसं असलं वाचणार न्हाईत. मग त्यांच्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं सगळी पानं 'फ्लिप' केली, म्हणजे आरशात दिसतात तशी उलटवली. वाचायची दिशा मराठी झाली. पण सोबत सगळ्या गावाचे हात बदलले. काएदे छाती पुढे काढून सांगत होती, "खुनी डावखुरा आहे!" आणि चित्रात त्या एका खुन्याला सोडून अख्खं गाव डावखुरं.

आप्पांनी लगेच तोडगा काढला. "मंग पोरीला म्हणायला लावा, खुनी उजव्या हाताचा हाय. मिटला विषय."

खरं तर तर्क जुळत होता. पण फ्लिपला जपानी प्रकाशकाची परवानगी लागणार होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी दौंडला जाऊन, आप्पांच्या शेजारी बसून तिथले संपादक मोरिता-सान यांना व्हिडिओ कॉल लावला. मी आप्पांचा तोडगा सांगितला. मोरिता-साननी मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला आणि हळूच म्हणाले, "हे जरा अवघड आहे."

"अवघडच ना? अशक्य न्हाई ना? करून टाकू!" आप्पा खूश.

"आप्पा, जपानी माणूस 'जरा अवघड' म्हणाला, म्हंजी मेलं तरी न्हाई. आता हक्क काढून घेतील."

आप्पांचा चेहरा पडला. पहिल्या भागातच अशी माती झाली, तर पुढचे भाग कुणी देणार नव्हतं. ते रागानं प्रूफ चाळायला लागले. खून झालेल्या म्हाताऱ्याच्या, आपल्या तेराव्यासारख्या, जेवणाचं पान आलं आणि थांबले.

"ही सगळी डाव्या हातानं जेवत्यात?"

"फ्लिपमुळं."

"तेराव्याला?" आप्पांनी प्रूफ बाजूला सारलं. "आपल्याकडं लोक मला दारात उभं करायचे न्हाईत. सांगा त्यांला, उलटंच छापतो. त्यांच्यासारखं."

मी सांगितलं. मोरिता-सान इतके वाकले, की स्क्रीनवर नुसतं टक्कल दिसायला लागलं.

पुस्तक आलं. आपण जिथून उघडतो, त्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'थांबा. हा शेवट आहे. दुसऱ्या बाजूनं या.' तरी फोन आलेच, आणि आप्पांनी ते माझ्याकडे वळवले. बाइंडिंग उलटं झालंय म्हणून काहींनी पुस्तक बदलून नेलं आणि बदललेलं घेऊन पुन्हा आले. केंदूरहून एक गृहस्थ तर फारच चिडले होते.

"म्याडम, दुसऱ्याच पानावर खुनी कबुली देतोय! आता काय वाचू?"

"मामा, सूचना वाचली न्हाई का?"

"सूचना कोण वाचतं?"

"मग परत करता का पुस्तक?"

"न्हाई. त्या पोरीनं धरला कसा, ते बघतो की."

तेव्हापासून खुन्याचं नाव फुटलं, तरी मी घाबरत नाही. वाचकाला पोरीची हुशारी बघायची असते. खुनी काय, कुणीही चालतो.